मोटारीचा आवाज कोणाचा?

मोटारसायकल आपल्या गावांत आली तेव्हा लोकांनी तिला ‘फटफटी’ म्हटले. तिची दोन चाके, पेट्रोलची टाकी, तिचा वेग हे सारे डोळ्यांना दिसत होते. तरी नाव पडले ते कानांनी जे ऐकले त्यावरून. हा आवाज जिथून बाहेर पडतो त्या नळीवरच्या डब्याला आपण इंग्रजांकडून आलेला शब्द वापरतो: सायलेन्सर, म्हणजे गप्प करणारा. अमेरिकेत त्यालाच मफलर म्हणतात. थंडीत गळ्याभोवती घ्यायच्या लोकरी पट्ट्याचे आणि या लोखंडी डब्याचे नाव एकच असावे यात गंमत आहे खरी, पण गैर काही नाही. गुंडाळून दाबून टाकणे हेच दोघांचे काम.

गप्प करण्यासाठी बसवलेला हा भाग आपल्या हाताने काढायचा आणि त्या जागी अधिक बोलका भाग बसवायचा, ही हौस मात्र जवळजवळ सायलेन्सरइतकीच जुनी आहे. शर्यतीच्या धर्तीची मोटार बाळगणारा गृहस्थ सुटीच्या दिवशी अंगणात गाडी उचलून धरतो, गंजलेले नट तेल घालून सोडवतो आणि कारखान्याने दिलेली धडधाकट नळी बाजूला ठेवून बाजारातून आणलेली दुसरी बसवतो. हे तो का करतो, असे विचारले तर बहुधा ‘ताकद वाढते’ असे उत्तर मिळते. या उत्तरात तथ्य किती आणि बहाणा किती, हे शतकभराच्या इतिहासात डोकावल्याशिवाय कळत नाही. आणि तो इतिहास नुसत्या यंत्राचा राहत नाही. शेजारधर्म, न्यायालय, कायदा, एवढे सारे त्यात ओढले जाते.

प्रथम हा डबा करतो काय ते पाहू. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि नंतर झडप उघडून जळका वायू बाहेर सोडला जातो. त्या क्षणीही वायू तापलेला आणि दाबलेला असतो, म्हणून तो सुटतो तो धक्क्यानेच. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर असे सहा हजार धक्के मिनिटाला, म्हणजे सेकंदाला शंभर, त्या नळीत आदळतात. कारखान्यातला नेहमीचा सायलेन्सर या धक्क्यांना कप्प्याकप्प्यांतून वळणे घ्यायला लावतो. वायू पसरतो, निवतो, भिंतींवर आपटून परततो आणि धक्क्याची धार बोथट होते. पण वळणे जितकी जास्त, तितकी वायूची वाट अडते आणि इंजिनाला जळका वायू बाहेर ढकलण्यात शक्ती खर्चावी लागते. दुसऱ्या प्रकारात सरळ नळीला असंख्य भोके पाडून तिच्याभोवती काचतंतूंची लोकर भरतात. वायूला सरळ वाट मिळते आणि आवाजाचा काही भाग लोकर शोषून घेते. बराचसा मात्र बाहेर पडतोच. वाट मोकळी करावी तर आवाज वाढतो आणि आवाज दाबावा तर वाट अडते, या पेचातून पुढचा सारा इतिहास निघाला.

आरंभीच्या मोटारींच्या आवाजाने घोडे बुजत आणि माणसे चिडत. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंना १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट मिळाले. पुढे १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीच्या आवाजावर असाच उपाय पेटंट करून घेतला आणि तेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांसाठीही वापरले. त्याच्या वडिलांनी जगाला मॅक्सिम मशिनगन दिली होती. बापाने बंदुकीला अखंड बोलायला लावले आणि मुलाने तिला गप्प करण्याचा धंदा केला, असे हे घराणे. परंतु सायलेन्सर येताच त्याला चुकवण्याची सोयही आली. त्या काळच्या अनेक मोटारींत पायाने किंवा तारेने उघडता येणारी ‘कट-आउट’ नावाची एक झडप असे. ती उघडली की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढणीवर इंजिनाला दम मिळावा म्हणून ती आहे, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ती सपाट रस्त्यावरही, विशेषतः वस्तीतून जाताना, उघडली जाई आणि म्हणून गावोगावच्या नगरपालिकांना तिच्यावर बंदी घालावी लागली. चढणीचे कारण सांगायचे आणि सपाटीवर झडप उघडायची, ही रीत तेव्हापासूनची.

शेजाऱ्यांनी या आवाजाशी कायद्याने दिलेली सर्वांत प्रसिद्ध झुंज इंग्लंडमधली. १९०३ च्या कायद्याने तेथे सार्वजनिक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा होती. मोटारी वेगाने पळवून पाहायला जागा हवी म्हणून ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ आपल्या जमिनीवर स्वखर्चाने काँक्रीटचा मोठा धावमार्ग बांधला. पावणेतीन मैलांच्या आसपास लांबीचा, वळणांवर भिंतीसारखा उचललेला हा ब्रुकलंड्स मार्ग १९०७ च्या जूनमध्ये उघडला. त्याच महिन्याच्या अखेरीस सेल्विन एज या चालकाने नेपियर गाडी सलग चोवीस तास चालवून १,५०० मैलांहून अधिक अंतर कापले. विक्रम झाला, पण त्या रात्री आसपासच्या घरांतून कोणाला झोप लागली नाही. तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि ब्रुकलंड्सवर रात्रीच्या शर्यती बंद झाल्या. या बंदीचा परिणाम किती दूरवर गेला पाहा. १९२९ मध्ये चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वाटावी लागली. मधल्या रात्री गाड्या कुलपात ठेवल्या गेल्या. शर्यतीचे नावच ‘डबल ट्वेल्व्ह’ पडले.

दिवसाच्या आवाजाचा प्रश्न राहिलाच होता. आजूबाजूच्या टेकड्यांवर सुखवस्तू लोकांचे बंगले उठले आणि १९२०च्या दशकाच्या मध्यास रहिवाशांनी पुन्हा कायद्याचा बडगा उगारला. तेव्हा चालकमंडळाने शर्यतीच्या गाड्यांनाही ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा केला. लांबट फुगीर डबा आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखी चपटी पसरट तोटी, असे त्याचे रूप होते. चालक कुरकुरले, ताकद कमी झाल्याची ओरड झाली, शेवटी सगळ्यांनी तो बसवला.

यानंतर जे झाले ते मनुष्यस्वभावावर प्रकाश टाकणारे आहे. ज्या गाड्या ब्रुकलंड्सवर धावत त्यांना हा डबा आणि ही मासळीची शेपटी असे. म्हणजे जिच्या मागे ही शेपटी ती गाडी शर्यतीची, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. मग ऑस्टिन सेव्हन किंवा एमजीसारखी छोटी गाडी घेणाऱ्या तरुणाला आपल्याही गाडीला ‘ब्रुकलंड्स’ सायलेन्सर असावा असे वाटू लागले. सुट्या भागांच्या दुकानदारांनी ती हौस पुरवली. शेजाऱ्यांना स्वस्थता मिळावी म्हणून न्यायालयाच्या धाकाने जन्माला आलेली वस्तू ज्यांनी आयुष्यात शर्यत धावली नाही त्यांच्या गाडीचे भूषण झाली. घरच्या घरी बदललेल्या सायलेन्सरच्या इतिहासाचा आरंभ असा नियमातूनच झाला.

आवाजाच्या नळीला भूषण म्हणून मिरवण्यात श्रीमंतही मागे नव्हते. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या गाड्यांनी इंजिनाच्या झाकणाच्या बाजूतून बाहेर येणाऱ्या लवचिक धातूच्या जाड नळ्या दाखवायला आरंभ केला. अमेरिकेच्या ड्युसेनबर्गने आपल्या ‘एसजे’ या गाडीला तशाच झगझगीत नळ्या दिल्या. त्या पुढे इतक्या आवडल्या की ज्या गाड्यांच्या इंजिनांना त्यांची गरज नव्हती त्यांनाही लोक त्या लावून घेऊ लागले. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरने बांधलेली ड्युसेनबर्ग एसजे ही त्या काळातील जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक मानली जाते. माळव्यातील मराठी वाचकांना तिची कथा नवी नाही. महाराजांचा जन्म १९०८ चा. त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये आणखी एक मूल जन्मले. होळकरांच्या घरी जे वैभव आपोआप चालत आले त्याचा एक तुकडा, निदान आवाजापुरता, कारकुनाच्या नि मेकॅनिकच्या दारापर्यंत नेऊन पोचवण्याचे काम पुढे त्याने केले.

त्याचे नाव कार्ल आबार्थ. तरुणपणी तो मोटारसायकलच्या शर्यती धावे. अपघात झाले, तसा साइडकार जोडलेल्या मोटारसायकलकडे वळला. १९३४ मध्ये त्याने अशा तीनचाकीवरून ऑस्टेंड ते व्हिएन्ना या वाटेवर ओरिएंट एक्स्प्रेस आगगाडीशी शर्यत लावून ती जिंकली, ही गोष्ट युरोपात प्रसिद्ध आहे. महायुद्धाच्या उंबरठ्यावर पुन्हा मोठा अपघात झाला आणि शर्यती संपल्या. युद्धाची वर्षे त्याने ल्युब्लियाना येथे काढली. युद्ध संपल्यावर तो इटलीत आला, कार्लचा कार्लो झाला आणि तुरिनच्या चिसितालिया या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाला. ती कंपनी कर्जात बुडाली, मालक अर्जेंटिनाला निघून गेला. ३१ मार्च १९४९ रोजी आबार्थने स्वतःची कंपनी काढली आणि आपली रास वृश्चिक म्हणून विंचवाचे चिन्ह घेतले. चिसितालियाकडून वाट्याला आलेल्या गाड्या घेऊन त्याने शर्यतीचा संघ उभा केला. १० एप्रिल १९५० रोजी सिसिलीत मोंते पेलेग्रिनोच्या घाटातील चढण-शर्यतीत इटलीचा लाडका चालक तात्सिओ नुव्होलारी आबार्थचीच गाडी चालवून आपल्या गटात पहिला आला. त्याची ती शेवटची शर्यत.

कीर्ती मिळाली, पण शर्यतीचा संघ कीर्तीवर चालत नाही. पैसा हवा होता आणि तो मिळवण्याची वाट आबार्थने रस्त्यावर पाहिली. युद्धानंतरचा इटालियन माणूस सायकलवरून स्कूटरवर आणि स्कूटरवरून छोट्या फियाट गाडीवर येत होता. गाडी हप्त्याने घेतलेली, इंजिन इवलेसे, आवाज शिवणयंत्रासारखा. मोठी गाडी त्याला परवडणार नव्हती. परंतु त्याच गाडीतला एखादा भाग बदलणे परवडण्यासारखे होते. आबार्थने या माणसासाठी सायलेन्सर बनवले. आतून वायूला शक्य तितकी सरळ वाट, भोवती काचतंतूंची लोकर, बाहेरून काळा रंग, टोकाला चकचकीत क्रोमच्या तोट्या आणि अंगावर विंचू. गाडीच्या खाली, चिखलात राहणाऱ्या या भागाकडे तोवर कोणी सौंदर्यदृष्टीने पाहिले नव्हते. आबार्थने तो दागिना असल्यासारखा विकला.

व्यापार किती वाढला? कंपनीच्या इतिहासात १९६२ या एका वर्षासाठी २,५७,००० सायलेन्सर, ३७५ कामगार आणि उत्पादनातील ६५ टक्के निर्यात, असे आकडे नोंदले आहेत. फियाटपाठोपाठ फोक्सवॅगन, पोर्श आणि आणखी कितीतरी गाड्यांसाठी त्याचे सायलेन्सर मिळू लागले. फेरारीच्या काही गाड्यांनाही ते लागले. शर्यतीतल्या आबार्थ गाड्यांचा खर्च या काळ्या डब्यांनी भागवला आणि शर्यतीतल्या विजयांनी डब्यांचा खप वाढवला.

हा डबा घरी बसवता येत होता हेही त्याच्या यशाचे एक मर्म आहे. १९५७ मध्ये आलेल्या फियाट ५०० चे इंजिन गाडीच्या मागच्या बाजूस होते, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरचे. पुढे इंजिन असलेल्या गाडीत जळक्या वायूची नळी सगळ्या गाडीखालून मागपर्यंत जाते. इथे इंजिन आणि सायलेन्सर एकमेकांच्या कुशीतच. सिलिंडरच्या माथ्याच्या दोन टोकांपासून दोन आखूड नळ्या खाली येतात आणि इंजिनाखालच्या डब्याला मिळतात. मागचे झाकण उघडले आणि गाडीचा मागचा भाग उचलला की सारे हाताशी येते.

काम सोपे होते. मात्र बेफिकिरीने करण्याजोगे नव्हते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात किंवा डोके घालायचे नाही, भक्कम ठोकळ्यांवर ती टेकवायची, हा पहिला नियम. सायलेन्सरचे नट रोज तापतात आणि निवतात, वर रस्त्याचे पाणी उडते, त्यामुळे ते गंजून जणू एकजीव झालेले असतात. शहाणा माणूस आदल्या रात्रीच त्यांवर पातळ तेल सोडून ठेवी. घाई करून जोराने पाना फिरवला तर नट सुटण्याऐवजी माथ्यात रोवलेला आटेदार खिळाच तुटतो आणि मग रविवारचे काम सोमवारी कारखान्यात न्यावे लागते. जुना डबा निघाल्यावर जोडांच्या सपाट बाजू खरवडून स्वच्छ करायच्या आणि गॅस्केट नवेच घालायचे, कारण एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. नवा डबा लावताना सगळे नट आधी बोटांनीच फिरवायचे, नळ्या नीट रांगेत आल्या, कुठे पत्र्याला टेकत नाहीत याची खात्री करायची आणि मगच या बाजूचा थोडा, त्या बाजूचा थोडा असे करत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळले तर जोड तिरका बसतो आणि तिथून वायू फुसफुसतो. इंजिन तापून निवल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवायचा.

इतके केले तरी काम संपत नसे. बाहेर जाण्याची वाट मोकळी झाल्यावर आत येणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण बदलते. कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, तसेच ठेवले तर मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापण्याची भीती. म्हणून थोडे चालवून स्पार्क प्लग काढून पाहायचा. तो पांढरट दिसला तर पेट्रोल कमी पडते आहे, काजळीने काळा झाला तर जास्त होते आहे, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. ज्याने शाळेत विज्ञानाचे पुस्तक फारसे उघडले नसेल अशा माणसाला हे ज्वलनाचे रसायन या निमित्ताने हाताने शिकायला मिळाले. घरगुती दुरुस्तीची ही बाजू या हौसेवर टीका करणाऱ्यांनी विसरू नये.

आबार्थने ही हौस ओळखली आणि पुढची पायरी बांधली. फियाट ६०० आणि ५०० या गाड्यांसाठी त्याने ‘कॅसेट्टा’, म्हणजे बदलाच्या भागांची पेटी, विकायला काढली. इंजिनाचे भाग, कार्ब्युरेटरचे सामान, सायलेन्सर आणि अर्थात विंचवाची चिन्हे असे सारे एका पेटीत मिळे. १९६३ मध्ये त्याने फियाट ५०० वरून ‘आबार्थ ५९५’ ही पूर्ण गाडीच बाजारात आणली. मूळ गाडीची सुमारे १८ अश्वशक्ती तिच्यात २७ वर गेली होती आणि वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत. आकडे आज हसण्याजोगे वाटतील, पण जवळजवळ दीडपट वाढ ही कोणत्याही काळात थोडी नव्हे.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. ही वाढ सायलेन्सरने झाली का? तिच्यात मोठा वाटा सिलिंडरचा आकार, मिश्रण दाबण्याचे प्रमाण आणि कार्ब्युरेटर यांचा होता. इंजिनातले बाकी काहीही न बदलता नुसता सायलेन्सर बदलला तर छोट्या इंजिनाला मिळणारी अधिक ताकद इतकी थोडी असते की चालकाच्या पाठीला ती जाणवणे कठीण. कानाला मात्र फरक पहिल्याच क्षणी जाणवतो आणि कान मनाला फसवतात. तोच वेग खर्जातल्या गुरगुरण्यासह अधिक वाटतो. हप्त्याने गाडी घेतलेल्या त्या इटालियन तरुणाला वेगाचा भास हवा होता, आणि त्याहून अधिक हवा होता स्वतःचा असा आवाज. कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या एकसारख्या गाड्यांत आपली गाडी कोपऱ्यावर वळण्याआधीच ओळखू यावी, ही ती इच्छा. माणसाच्या ओळखीच्या भुकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण इतकीच की कपडे, केशभूषा, घराचा रंग यांनी भागणारी ओळख दुसऱ्याने न पाहिल्यास त्याला त्रास देत नाही. आवाजाला मात्र कान मिटून घेता येत नाहीत.

म्हणूनच कायद्याने पुन्हा हात घातला आणि या वेळी मोजमापाने. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये मोटारींच्या आवाजावर निर्देश काढून प्रवासी गाडीसाठी ८२ डेसिबेलची मर्यादा घातली. ती १९७७ मध्ये ८०, १९८४ मध्ये ७७ आणि १९९२ मध्ये ७४ वर आणण्यात आली. डेसिबेलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर तीन डेसिबेलला ध्वनीची शक्ती सुमारे निम्मी होते, हे लक्षात घेतले म्हणजे या उतरणीची तीव्रता कळते. आबार्थने आपली कंपनी १९७१ मध्ये फियाटला विकली आणि १९७९ मध्ये तो वारला. ज्या जगात कोणीही कोणतीही नळी कोणत्याही गाडीला लावू शके, ते जग त्याच्या डोळ्यांदेखत मावळत होते.

दुसरा बदल याहून खोल होता. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतील गाड्यांच्या नळीत सायलेन्सरच्या आधी आणखी एक डबा आला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंचा पातळ लेप देऊन तो विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. तेव्हापासून घरी नळी बदलणाऱ्याच्या हातात आवाजाबरोबर विषही आले. या भागाला हात न लावता त्याच्या मागचीच नळी आणि डबा बदलणे हे एक झाले. वाट आणखी मोकळी व्हावी म्हणून तोच काढून टाकणे हे सर्वस्वी वेगळे, कारण त्यामुळे शेजाऱ्याच्या झोपेबरोबर त्याच्या फुप्फुसांवरही घाला पडतो. आजच्या गाडीत प्राणवायू मोजणारे संवेदक या नळीतच बसवलेले असतात. ते नीट परत न लावल्यास गाडीचा संगणक इंधनाचे गणित चुकवतो. फियाट ५०० च्या मालकाला पाना पुरे होता. आजच्या मालकाला पान्याबरोबर कायद्याचे पुस्तकही लागते.

भारतापुरते ते पुस्तक असे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो आणि प्रसरणाच्या कोठीने किंवा अन्य उपायाने त्याने आवाज शक्य तितका कमी करावा असे सांगतो. शासकीय नियमांची भाषा वाचण्याची सवय असलेल्याला त्यातील ‘शक्य तितका’ या शब्दांची ताकद आणि दुबळेपण दोन्ही कळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाज आणि हवा यांची मानके मोडणाऱ्याला १९० व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या शहरांत शर्यतीच्या मोटारी थोड्या, बुलेट मोटारसायकली पुष्कळ. म्हणून कायद्याची गाठ पडते ती मुख्यतः त्यांच्याशी. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याची दृश्ये अनेक शहरांतील पोलिसांनी दाखवली आहेत. ब्रुकलंड्सच्या शेजाऱ्यांनी न्यायालयात जे मागितले तेच इथे रोलरने मिळते.

दरम्यान खुद्द कारखान्यांनीच या हौसेचा धंदा आपल्याकडे घेतला. १९८९ मध्ये मझदाने एमएक्स-५ ही छोटी खुली गाडी काढली तेव्हा तिच्या अभियंत्यांनी सायलेन्सरचा सूर जाणूनबुजून जुळवला. आजच्या महागड्या गाड्यांच्या नळीत कळीने उघडणारी झडप असते. ती मिटली की गाडी सभ्य, उघडली की शर्यतीची. शंभर वर्षांपूर्वीची ‘कट-आउट’ झडपच ही, आता हमीपत्रासह मिळते.

या कथेचा ताजा अंक आबार्थच्याच नावाने लिहिला गेला. २०२२ च्या अखेरीस त्या चिन्हाची ‘५००ई’ ही विजेवर चालणारी गाडी जाहीर झाली. तिच्यात पेट्रोल नाही, जळका वायू नाही, नळी नाही, सायलेन्सर नाही. आहे तो बाहेर बसवलेला ध्वनिक्षेपक, आणि तो पेट्रोलवरच्या आबार्थचा आवाज काढतो. नळी गेली तरी हौस उरली, यावरून ती नळीची कधी नव्हतीच हे सिद्ध होते. दुसऱ्या बाजूस युरोपच्या कायद्याने २०१९ पासून विजेच्या नव्या गाड्यांना कमी वेगात काही किमान आवाज करणे सक्तीचे केले, कारण निःशब्द गाडी अंध पादचाऱ्याला कळत नाही. शंभर वर्षे गाड्यांना ‘गप्प बस’ म्हणणारा कायदा आता ‘थोडे बोल’ म्हणतो.

या दोन टोकांत विसंगती वाटली तरी ती नाही. दोन्ही वेळा कायद्याने प्रश्न एकच विचारला आहे: रस्त्यावरच्या, घरातल्या, त्या गाडीशी संबंध नसलेल्या माणसाला हा आवाज कसा लागतो? गाडीचे इंजिन, चाके, आसने, रंग हे सारे मालकाचे. सायलेन्सर मात्र त्याने पैसे मोजून घेतला असला तरी अर्धा शेजाऱ्याचा असतो. अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवून पाना हातात घेणाऱ्याने नट सोडण्यापूर्वी मनातल्या मनात या दुसऱ्या मालकाची संमती घ्यावी. ती मिळण्याजोगा सायलेन्सर बाजारात असतो. तो बसवावा, आपल्या हाताने बसवल्याचा आनंद घ्यावा आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पाय हलका ठेवावा.